दर्यासारंग, मुक्काम पोस्ट पारोळा

खान्देशातल्या आमच्या पारोळ्याला समुद्र नाही, हे भूगोलाच्या पुस्तकात मुद्दाम छापलेलं नसलं तरी गावात सगळ्यांना ठाऊक आहे. गावाजवळून जाणारा महामार्ग मात्र पक्का दर्यावर्दी. पूर्वी त्याला सहा नंबर म्हणत, आता ५३ म्हणतात. सुरतेजवळ हजिऱ्याला तो सुरू होतो आणि ओडिशात पारादीपला जाऊन थांबतो. दोन्ही बंदरं. एका टोकाला अरबी समुद्र, दुसऱ्या टोकाला बंगालचा उपसागर आणि अधेमधे टपरीवर आम्ही, हाफ चहा घेऊन. देशातलं तीन चतुर्थांशाहून जास्त मीठ गुजरातेत पिकतं आणि त्यातलं काही ताडपत्रीखाली झाकून याच रस्त्याने जातं. समुद्राने पारोळ्याला दिलेली भेट म्हणजे एवढीच. तीही न थांबता एरंडोलच्या दिशेने निघून जाते.

नदीच्या बाबतीतही तसंच. नाशिकची गोदावरी. पश्चिमेचा समुद्र उशाला, तरी बाई निघाली पूर्वेला, पार आंध्रापर्यंत. आमची बोरी तापीला मिळते आणि तापी मुलताईपासून ७२४ किलोमीटर सरळ पश्चिमेला चालत सुरतेला समुद्रात उतरते. दिशेचा एवढा स्पष्ट विचार महाराष्ट्रातल्या फार थोड्या नद्यांनी केला आहे. अडचण एकच, बोरीत पाणी असावं लागतं. पलीकडे अमळनेरला सखाराम महाराजांची यात्रा वैशाखात भरते ती नदीच्या पात्रात. पाळणे, मिठाईची दुकानं, सगळं पात्रात. ज्या नदीत पाळणा उभा राहतो तिच्याकडून समुद्राची बातमी काय कळणार?

तेव्हा आमच्या लोकांचं समुद्राचं ज्ञान सुरतेवरून येतं. गल्लीतल्या दर दुसऱ्या घरातलं कुणी ना कुणी सुरतेला. उधना, लिंबायत या भागांत अहिराणी एवढी ऐकू येते की माणसाला तालुका बदलल्यासारखंही वाटत नाही. मे महिन्यात पाहुणे गेले की यजमान त्यांना डुमसला समुद्र दाखवायला नेतात. खंभातच्या आखाताजवळचा समुद्र ओहोटीला इतका मागे जातो की चिखलाचं काळं मैदान तेवढं समोर राहतं. पाहुणे भजी खातात, मैदानाकडे बघतात आणि गावी येऊन सांगतात, समुद्र पाहिला, काळा होता. भजी चांगली होती.

अशा गावातून मी जिल्हा परिषदेचा प्राथमिक शिक्षक म्हणून रत्नागिरी जिल्ह्यात दापोली तालुक्यात गेलो. यात माझा पराक्रम काही नाही. खान्देश आणि मराठवाड्यातली कितीतरी पोरं डी.एड. होऊन अशीच कोकणात उतरली आणि पुढची अनेक वर्षं आंतरजिल्हा बदलीच्या यादीत स्वतःचं नाव शोधत राहिली. शिवाय हा जुना हिशेब आहे. साने गुरुजी दापोली तालुक्यातल्या पालगडचे. १९२४ ते १९३० ते अमळनेरला शिक्षक होते. कोकणाने खान्देशाला साने गुरुजी दिले, खान्देशाने परतफेडीत मला पाठवलं. या व्यवहारात कोण बुडालं हे मी सांगत नाही, पण तिथल्या ग्रामस्थांनी एकदाही तक्रार केली नाही, हा त्यांचा मोठेपणा.

माझी शाळा हर्णैच्या आसपासच्या एका वाडीत होती. हर्णै म्हणजे मासळीच्या लिलावाचं बंदर, समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला. आमच्याकडेही किल्ला आहे, १७२७ सालचा सांगतात, भुईकोट, भोवती खंदक. त्यामुळे पाण्यातला किल्ला पाहून मी दबलो नाही. त्यांचा खंदक जरा मोठा आहे, एवढंच.

आता बदली होऊन मी गावाकडे आलो आहे आणि लोकांची एक ठाम अपेक्षा आहे. एवढी वर्षं समुद्राकाठी राहिलेला माणूस काहीतरी शिकून आला असणार. टपरीवर बसलो की कुणी तात्या नाहीतर नाना विचारतोच, "गुर्जी, समुद्र कसा ऱ्हास हो?" आणि मग ते माझ्या चेहऱ्याकडे बघत बसतात. अथांगपणा, विशालता, लाटांसारखं पुन्हा पुन्हा उठणं असं काहीतरी त्यांना हवं असतं. सकाळी मोबाईलवर सूर्यास्ताच्या चित्राखाली येतं तसलं. मी सांगतो, तिथे लोखंड टिकत नाही. तात्यांचा चेहरा पडतो.

पण खरोखर तिथे लोखंड टिकत नाही. मी गेलो तेव्हा सोबत एक पत्र्याची पेटी, एक लोखंडी पलंग आणि नवी मोटारसायकल होती. पेटीची कडी पहिल्या पावसाळ्यात हातात आली. पलंगाने दुसऱ्या पावसाळ्यात अंग टाकलं. मोटारसायकलच्या मडगार्डमधून चाक दिसायला लागलं आणि वाडीतल्या कुणालाही त्याचं आश्चर्य वाटलं नाही. चष्म्याचा स्क्रू, छत्रीची काडी, कुलूप, कंपासमधलं करकटक. आईने पारोळ्याहून पाठवलेल्या उडदाच्या पापडाची जुलैत घडी घालता येई. आमच्याकडे एप्रिलच्या उन्हात गच्चीवर टाकलेली कुरडई संध्याकाळपर्यंत खणखणते. तिथे जूननंतर टॉवेलसुद्धा वाळत नाही, तो फक्त जुना होतो. ज्या माणसाचा आजोबांपासूनचा नांगराचा फाळ अजून ओसरीत उभा आहे त्याला, वस्तू आपली असते ती काही काळापुरतीच, हे पटवून द्यायला समुद्राला दोन पावसाळे पुरले. नांगराचा तो फाळ मी कोकणात कधीच नेला नाही. तेवढी अक्कल मला आली होती.

दुसरं म्हणजे वेळ. आमच्याकडे वेळ विचारली की माणूस सांगतो, येतो संध्याकाळपर्यंत. संध्याकाळ आमच्याकडे चारपासून साडेनऊपर्यंत असते. समुद्राकाठी ही चैन नाही. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते आणि ठरल्या उशिरानेच येते. उशीरसुद्धा इतक्या शिस्तीने करता येतो, हे आमच्या भागात सांगून पटायचं नाही.

चौथीच्या वर्गात मी भरती-ओहोटी शिकवत होतो. चंद्र, पृथ्वी, गुरुत्वाकर्षण, फळ्यावर गोल काढून झाले. एक पोरगा म्हणाला, "गुरुजी, चंद्रामुळे येते ते कळलं. पण आज किती वाजता?" पुस्तकात ते नव्हतं. पोरगा खिडकीबाहेर बघत म्हणाला, "आज पंचमी. पाच पाऊणे पावणेचार." तिथीची पाऊणपट केली की पुऱ्या भरतीची वेळ निघते, अंदाजे. अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला अकरा-बाराच्या सुमाराला. त्याची आजी मासळी विकायची, तिने शिकवलेलं. जो मुलगा सात साते विचारल्यावर छताकडे बघायचा, त्याला पाऊणकी तोंडपाठ होती. पाऊणकी पाठ्यपुस्तकातून कधीची हद्दपार झाली. ती समुद्राकाठी अशी लपून बसली होती.

त्या दिवसापासून हजेरीचा मामला माझ्या लक्षात यायला लागला. खाडीपलीकडची मुलं होडीने येत. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, म्हणजे भरती मोठी आणि ओहोटीही मोठी. ओहोटीला होडी चिखलात बसे. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही, आणि मुलं वेळेवर येत. महिन्याच्या हजेरीपत्रकाला खाली तारखा आणि वर तिथ्या लावल्या असत्या तर चंद्राच्या कला स्पष्ट दिसल्या असत्या. उशिराचं कारण म्हणून पोरं ‘सुकती होती’, म्हणजे ओहोटी होती, असं सांगत आणि मी ते मान्य करत असे. खान्देशात आल्यावर एका मुलाने उशिराचं कारण ‘झोप लागनी’ असं सांगितलं, तेव्हा मला ते फारच स्थानिक वाटलं.

गणिताचं म्हणाल तर लिलाव पाहावा. बोटी दूर पाण्यात उभ्या, मासळी किनाऱ्यावर उतरते, वाळूवर पापलेट, सुरमई, कोलंबी यांचे ढीग पडतात आणि बोली सुरू होते. सगळं दोन-तीन मिनिटांत. कोणी बोली लावली, किती लावली, कोणी सोडली हे नवख्याला कळेपर्यंत ढीग टोपलीत आणि टोपली डोक्यावर. आमच्या बाजार समितीत कापसाचा, मक्याचा भाव ठरताना मी पाहिलं आहे. आधी तोंडात टाकून बघणं, मग दात लावणं, मग ओलावा, मग चहा, मग रुसणं, मग परत येणं. शेतकरी आणि व्यापारी दोघांनाही सवड असते, कारण कापूस कुजत नाही. मासळी कुजते. म्हणून तिथे कुणी कुणाला जुन्या ओळखी सांगत बसत नाही. एका मावशीला मी विचारलं, एवढ्या घाईत फसगत होत नाही का? त्या म्हणाल्या, "होते की. पण ती उद्या काढायची, आज नाय." मला हे वाक्य इतकं आवडलं की मी ते घरी बायकोला ऐकवलं. ती म्हणाली, मग कालचे दोन वाटे बांगडे महाग पडले ते उद्या काढा.

बोंबलाबद्दल दोन शब्द बोललो नाही तर आमचे लोक मला माफ करणार नाहीत. खान्देशात बोंबील म्हणजे सुका, कडक, आठवडे बाजारात वजनावर मिळणारा, आणि चुलीवर भाजला की तीन गल्ल्यांना आमंत्रण देणारा. तो असाच जन्माला येतो अशी आमची समजूत. वर्सोवा, अर्नाळ्याकडे दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून दोरीवर वाळत घालतात, ते फार पुढचं. ओला बोंबील पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा तो हातात राहीना. पारदर्शक, लिबलिबीत, हाड असून नसल्यासारखं. आमच्या बाजारातला तो ताठ, करारी गृहस्थ तरुणपणी असा होता, हे मी अजून आबांना सांगितलेलं नाही. त्यांना धक्का बसेल.

आबा म्हणजे माझे वडील. ते एकदा हर्णैला आले. आयुष्यभर शेती केलेला माणूस, समुद्र पहिल्यांदाच बघणार. मी मुद्दाम त्यांना संध्याकाळी बंदरावर नेलं. सूर्य सुवर्णदुर्गाच्या मागे, पाणी सोनेरी, जे काही लागतं ते सगळं जागेवर. आबांनी समोर पाहिलं आणि ओरडले, "ए भो, बैल बुडतीन ना!"

हर्णैला बोटी किनाऱ्याला टेकत नाहीत. त्यामुळे बोटीपर्यंत बर्फ न्यायला आणि मासळी आणायला बैलगाड्या पाण्यात जातात. छातीएवढ्या पाण्यात बैल उभे, लाट आली की मान वर करतात, गाडी अर्धी तरंगते, गाडीवान जुवाजवळ उभा. मला रोज बघून सवय झाली होती. आबांना मात्र तिथून पुढे समुद्र दिसलाच नाही. धोतर वर धरून ते गुडघाभर पाण्यात गेले आणि गाडीवान मामांची उलटतपासणी सुरू झाली. खूर कुजत नाहीत का, मीठ अंगावर सुकल्यावर खाज येत नाही का, रात्री गोड पाण्याने धुता का, पेंड कोणती, पोळ्याला समुद्रात नेता का? मामाही तयारीचे. त्यांनी सांगितलं, धुवायचंच, नायतर कातडी जाते. आबांनी मान हलवली. या माणसाशी बोलण्यात अर्थ आहे, असा निर्णय झाला.

मग दोघे वाळूवर बसले आणि आबांनी समुद्राबद्दलचा त्यांचा एकमेव प्रश्न विचारला. "याना सातबारा कोना नाववर शे?"

मामांना अहिराणी येत नव्हती, पण सातबारा सगळ्या महाराष्ट्राला कळतो. ते म्हणाले, कुणाच्याच नावावर नाय. आबांना हे पटेना. एवढं मोठं रान आणि मालक नाही? मग बांध कुठे? तर बांध निघाला. किनाऱ्यापासून बारा सागरी मैल, म्हणजे साधारण बावीस किलोमीटर, राज्याचं पाणी. १९८१ च्या सागरी मासेमारी कायद्यात ते आहे. त्याच्या आत कोणी कोणतं जाळं टाकायचं यावर पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनवाले यांची जुनी तेढ. २०१६ साली सरकारने पर्ससीनवर मर्यादा आणल्या. रात्री एलईडीचे झगमगाट लावून मासे गोळा करण्याला बंदी, तरी दिवे दिसतात. परराज्यातल्या मोठ्या बोटी येऊन आत घुसतात, जाळी तोडतात. मामा सांगत होते आणि आबांचा चेहरा हळूहळू उजळत होता. दुसऱ्याच्या दुःखाने आनंद व्हावा असा माणूस नाही तो. पण बांध आहे, बांधाचं भांडण आहे, बांध कोरणारा शेजारी आहे आणि कायदा असून रात्री कोरतो आहे, म्हटल्यावर त्यांना समुद्र एकदम ओळखीचा वाटायला लागला. परतताना ते म्हणाले, चांगलं रान आहे, फक्त मोजणी नीट झालेली नाही.

सूर्य केव्हा बुडाला ते कुणी पाहिलं नाही. समुद्राकाठच्या लोकांना सूर्यास्ताचं आकर्षण नसतं, हेही तिथेच कळलं. मी राहायचो त्या वाडीतल्या जुन्या घरांची तोंडं गावाकडे, पाठ समुद्राकडे, मधे माड आणि सुरू. समुद्राकडे तोंड करून बांधलेली इमारत दिसली तर ती हॉटेलची. वाडीतल्या एका काकूंना मी विचारलं, खिडकी समुद्राकडे का नाही? त्या म्हणाल्या, दिवसभर नवरा तिकडे, पोरगा तिकडे. आणि घरात बसून पण तिकडेच बघत राहू का?

जून-जुलैत बोटी वर ओढून शाकारून ठेवतात. १ जून ते ३१ जुलै, एकसष्ट दिवस यांत्रिक मासेमारी बंद. समुद्र खवळलेला आणि माशांच्या विणीचा हंगाम. त्याआधी मे महिन्यात प्रत्येक घरात आगोटीची बेगमी चालते. सुकी मासळी, मीठ, मिरच्या, लाकडं, सगळं भरून घ्यायचं. आमच्या घरी मे महिन्यात पापड, बिबडे, कुरडया, शेवया. दोन्हीकडे बायकांच्या कंबरा त्याच महिन्यात मोडतात. तिकडे पाऊस फार येणार म्हणून, इकडे तो येईल न येईल म्हणून. दापोलीत वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आमच्याकडे सहाशे-सातशे. तरी तयारी सारखीच. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ घालून तो शांत होण्याची विनंती करतात, आमच्याकडे त्याच सुमाराला धोंडी धोंडी पाणी दे म्हणून झालेलं असतं. देवाकडे एकाच मोसमात पोहोचणाऱ्या या दोन अर्जांची छाननी कोण करतं कोण जाणे. टेबल एकच असेल तर गोंधळ होणारच.

त्या बंदीच्या दिवसांत मी तिथल्या लोकांना पाहिलं तेव्हा मात्र थोडा विचार करायला लागलो. आमच्याकडे पाऊस लांबला की माणूस आभाळाकडे बघत हात चोळतो, चिडतो, कुणाला तरी शिव्या देतो. मीही देतो. तिथे खलाशी ओसरीत बसून जाळं विणत होते. तुटलेला एकेक डोळा शोधायचा, गाठ मारायची, पुढे सरकायचं. समुद्रावर कुणी रागावलेलं मला दिसलं नाही. डिझेलच्या भावावर, बर्फाच्या भावावर, मासळीच्या पडलेल्या भावावर, जावयावर भरपूर रागावलेले दिसले. ज्याच्यावर रागावून उपयोग नाही त्याला त्यांनी यादीतून वगळलं होतं. मी पारोळ्यात येऊन हा प्रयोग पावसाच्या बाबतीत करून बघितला. यादी फारशी लहान झाली नाही.

समुद्राला रागवता येत नाही हे ठीक, पण त्याला भ्यायचं असतं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. कोरोनामुळे जिल्हाबंदी होती आणि मी तिकडेच अडकलो होतो. आदल्या दिवशीच नाखवांनी बोटी जमेल तेवढ्या वर घेतल्या होत्या. दुपारी वाऱ्याचा जो आवाज सुरू झाला तो मला लिहिता येणार नाही. कौलं उडाली, पत्रे उडाले, माड आणि पोफळी आडव्या झाल्या, सुरूचं बन मोकळं झालं. दापोली-मंडणगडातल्या कित्येक गावांत पुढे आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. वादळ ओसरल्यावर वाडीत पहिली दोन वाक्यं मी ऐकली ती अशी: कोण कोण दिसत नाही ते बघा, आणि, नारळ कुणाचा कुणाच्या परड्यात पडलाय ते नंतर.

तेच वादळ रायगडाकडून आत शिरलं, नाशिकच्या अंगाने उत्तर महाराष्ट्राकडे सरकत निवत गेलं आणि आमच्या खान्देशात पाऊस देऊन गेलं. मी इतकी वर्षं ज्या प्रवासासाठी अर्ज, प्राधान्यक्रम, पोर्टल आणि संवर्ग करत होतो, तो त्याने ई-पासशिवाय एका रात्रीत उरकला. फोन लागायला लागले तेव्हा आबांनी विचारलं, कसा आहेस? मी म्हटलं, बरा आहे, छप्पर गेलं. ते म्हणाले, इकडे चांगला ओलावा झाला. मग बराच वेळ दोघेही बोललो नाही. आपल्याला मिळालेला ओलावा मुलाच्या छपरावरून आला आहे, हे त्यांना माझ्याआधी कळलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी त्यांनी पत्र्यांसाठी पैसे पाठवले.

बदलीचा आदेश पुढे आला तेव्हा वाडीने मला निरोपाला सुकी मासळी दिली. एक गोणभर. मी ती एसटीच्या टपावर टाकायला निघालो तर वाहकाने वासावरूनच नकार दिला. शेवटी एका टेम्पोवाल्याच्या कृपेने मी, गोण आणि उरलंसुरलं लोखंड गावाकडे आलो. त्या दिवसापासून गल्लीतल्या मांजरांत माझी जी प्रतिष्ठा आहे ती माणसांत नाही.

मामांचे फोन मात्र अजून येतात, ते मला नव्हे, आबांना. दोघे एकमेकांची भाषा ऐकतात आणि आपापल्या भाषेत उत्तर देतात, अडत काही नाही. गेल्या पोळ्याआधी मामांनी विचारलं, त्यांचा डावा बैल थकला आहे, खान्देशातला एखादा खिल्लार धिप्पाड गडी मिळेल का? आबांनी ते फार मनावर घेतलं. ओळखीतल्या एका शेतकऱ्याचा बैल पसंत पडला. दात पाहिले, शिंगं पाहिली, खूर पाहिले. पण समुद्रात उभं राहायचं म्हणजे नुसता ताकदवान चालणार नाही, त्याला पाण्याचं भय नको, अशी आबांची अट. म्हणून बैलाला तामसवाडीला बोरी धरणावर नेलं. सोबत मालक, मी, आणि हे प्रकरण ऐकून आलेली सात-आठ माणसं. प्रत्येकाकडे समुद्राविषयी एकेक मत, पाहिलेला मात्र डुमसचाच.

आबांनी कासरा धरून बैलाला काठावरून आत घातलं. पोटरीएवढं पाणी, गुडघ्याएवढं, मग छातीला लागायला आलं. बैल डगमगला नाही. लोक म्हणाले, हा चालतो, हा सुरतेपर्यंत पोहत जाईल. मामांना फोन लावून तयार ठेवला होता. बैलाने मान खाली घातली, पाण्याला नाक लावलं आणि सावकाश प्यायला सुरुवात केली. प्यायला ते प्यायलाच. कासरा ओढला तरी हलेना.

आबांनी थोडा वेळ वाट पाहिली, मग फोन कानाला लावला. "नको हो मामा," ते म्हणाले, "येले पानीनी चव शे. हाऊ तठे टिकनार नही."

पलीकडून मामा काहीतरी म्हणाले. आबा हसले आणि मालकाकडे वळून म्हणाले, ते विचारत आहेत, घरी शेतीला घेणार असाल तर भाव किती सांगतो?

मालकाने भाव सांगितला. आबांनी बैलाच्या पाठीवर थाप मारली, रुसल्यासारखं केलं आणि चहा प्यायला चला म्हणाले.